सोलेनॉइडच्या टोल्यांसाठी एसएमपीएस, बॅटरी की कपॅसिटर?

जलतरंगाच्या आठ वाट्यांवर सोलेनॉइडने, म्हणजे वीज मिळताच दांडा ढकलणाऱ्या कॉइलने, टोले मारायचे असतील, तर पॉवर सप्लाय घेण्याआधी हिशेब मांडा. 12 व्होल्टची, 6 ओहमची कॉइल 2 अँपिअर ओढते. टोला 30 मिलिसेकंदांचा धरू. दांडा वाटीला टेकून राहिला तर नाद दबतो. सेकंदाला दोन टोले असले तरी एका कॉइलची सरासरी 0.12 अँपिअरच भरते. या सरासरीवर विसंबून 2 अँपिअरचा अडॅप्टर आणला, की तीन वाट्या एकदम वाजवताना तो मान टाकतो. एकाच क्षणी किती कॉइल ओढणार, हाच आकडा धरायचा.

तीन वाट्यांचे 6 अँपिअर होतात. त्यासाठी एलईडी पट्ट्यांना वापरतात तो जाळीच्या डब्यातला 12 व्होल्ट, 10 अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेवर चालणारा डीसी पॉवर सप्लाय) घ्यावा. घरात वाजणाऱ्या यंत्राला माझं मत यालाच. मर्यादा ओलांडली की बरेच एसएमपीएस क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतात, त्यामुळे काठावरचा आकडा नकोच. आठही वाट्या एकदम वाजणार असतील तर 16 अँपिअर लागतील. तिथे 20 चा घ्या.

12 व्होल्ट, 7 एएचची (अँपिअर-तासांची) सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी हे 16 अँपिअर क्षणभर सहज देते. मांडवात, अंगणात, जिथे विजेचा भरवसा नाही तिथे तीच बरी. पण टोल्याचा जोर साधारण प्रवाहाच्या वर्गाने बदलतो. बॅटरी 13 वरून 11.5 व्होल्टवर आली की जोर पाचव्या हिश्शाहून जास्त घटतो आणि ते कानाला कळतं. शिवाय धन टोकाजवळ फ्यूज हवाच. शॉर्ट झाल्यास ही बॅटरी वायर जाळू शकते.

वीज साठवून झटक्यात सोडणाऱ्या कपॅसिटरचं गणित बारकाईने पाहण्यासारखं आहे. 12 व्होल्टवर 6 अँपिअर 30 मिलिसेकंद द्यायचे आणि व्होल्टेज एकानेच उतरू द्यायचं, तर 1,80,000 मायक्रोफॅरड लागतात. हे परवडत नाही. पण कपॅसिटर 24 व्होल्टवर भरला, तर एका कॉइलला 10,000 मायक्रोफॅरड पुरतात: टोल्यात व्होल्टेज 24 वरून साधारण 15 पर्यंत येतं आणि फटका 12 व्होल्टपेक्षा जोरकस बसतो. भरताना मध्ये 47 ओहमचा, 20 वॅटचा रेझिस्टर घाला. कॉइल चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, म्हणजे मॉस्फेट, जळून चालूच राहिला तरी कॉइलमधून अर्ध्या अँपिअरहून कमी प्रवाह जातो, ती वाचते. थेट 24 व्होल्ट दिले असते तर 4 अँपिअर, म्हणजे 96 वॅट, तिच्यात उतरले असते. मात्र पुन्हा भरायला दीड-दोन सेकंद लागतात. मोठ्या घंटेला हे चालतं, द्रुत लयीला अजिबात नाही.

काहीही घेतलंत तरी प्रत्येक कॉइलवर उलटा डायोड (कॉइल बंद होताना उठणारा व्होल्टेजचा झटका जिरवणारा) लावा आणि वायर जाड ठेवा. 0.75 चौरस मिलिमीटरच्या दोन मीटर जोडतारेत 6 अँपिअरला अर्ध्या व्होल्टहून जास्त वाया जातं. टोल्यांचा हुकूम देणाऱ्या कंट्रोलरलाही थेट सप्लायपासून स्वतंत्र तार ओढा, म्हणजे टोल्याच्या झटक्याने तो रीसेट होणार नाही.