एटीसीसी २५९२२ : चिपळूणच्या पावसात वापरलेला कंट्रोल स्ट्रेन

आमची लॅब लहान, पण लघवीची कल्चर्स रोजची. त्यामुळे औषधांच्या चाचण्या बरोबर येतायत का हे ताडून बघायला ई. कोलाय जंतूचा हा कंट्रोल स्ट्रेन, म्हणजे ज्याचे निकाल आधीच ठाऊक आहेत असा ठरलेला वाण, लागतोच. मी फ्रीझ-ड्राइड काडीवाला घेतो. काचेच्या अँप्युलपेक्षा महाग पडतो, पण काच फोडायची भानगड नाही. गोळी, द्रव आणि कापसाची काडी एकाच नळीत येतात. द्रव सोडायचा, गोळी चुरायची, काडी प्लेटवर फिरवायची. दुसऱ्या दिवशी छान सुट्या कॉलनी मिळतात.

पैसे वसूल होतात ते जुलैत. हवा इतकी दमट की फ्रिजमधून काढलेली डिस्कची (अँटिबायोटिक मुरवलेल्या कागदी चकत्यांची) कुपी गार असतानाच उघडली तर आत पाणी धरतं. यंदा इमिपेनेम या अँटिबायोटिकच्या डिस्कभोवती जंतू न वाढल्याचं वर्तुळ २२ मिलिमीटरवर अडकलं. या स्ट्रेनला ते २६ ते ३२ यायला हवं. नायट्रोफ्युरँटॉइन मात्र २० ते २५ च्या हद्दीत, जेंटामायसिनही १९ ते २६ मध्ये. म्हणजे आगर (जंतू वाढवायचा थर) आणि इनॉक्युलम (त्यावर पसरलेल्या जंतूंचं प्रमाण) ठीक, डिस्कच मेलेली. नवी कुपी उघडल्यावर २८ आलं. कंट्रोल लावला नसता तर रिपोर्टवर उगाच ‘रेझिस्टंट’ लागलं असतं आणि पेशंटला नको ते औषध.

एक उणीव. ऑगमेंटिनच्या (अमॉक्सिसिलिन अधिक क्लॅव्युलॅनेट) डिस्कमधलं क्लॅव्युलॅनेट उतरलंय का, ते याच्यावर कळत नाही, कारण नुसत्या अमॉक्सिसिलिननेही हा मरतो. त्यासाठी बीटा-लॅक्टमेज (अमॉक्सिसिलिन तोडणारं एन्झाइम) बनवणारा एटीसीसी ३५२१८ हा स्ट्रेन वेगळा घ्यावा लागतो. विक्रेता हे आपणहून सांगत नाही.

त्याच्या पत्रकात ‘मूत्रसंसर्ग संशोधनासाठी उत्तम’ असंही छापलंय. ते वाचून कॉलेजची मुलं प्रोजेक्टसाठी हाच मागायला येतात. बाबांनो, हा डिस्क तपासायचा गडी. जंतू मूत्राशयाला चिकटतो कसा, किडनीपर्यंत चढतो कसा, हे शोधणारे यूटीआय८९ आणि सीएफटी०७३ हे ई. कोलायचे स्ट्रेन वापरतात. पहिला मूत्राशयाच्या संसर्गातला. दुसरा किडनीच्या संसर्गाने आजारी बाईच्या रक्तातून मिळालेला, त्याचा जीनोम २००२ साली प्रसिद्ध झाला. ते रोगकारक आहेत, कॉलेजच्या ओट्यावर हाताळायचे नव्हेत.

पॅकिंग बरं. थर्माकोलचा डबा बघून कुरिअरवाला दरवेळी विचारतो, “मासळी हाय काय?” बर्फाच्या पिशव्या मात्र पोचेपर्यंत कोमट झालेल्या असतात. माल सुकवलेला असल्यामुळे निभावतं, पण आल्याआल्या २ ते ८ अंशांत टाका आणि लॉटची मुदत तिथंच बघून घ्या. गणपतीच्या आठवड्यात ऑर्डर देऊ नका, पार्सल मुंबईतच लोळत राहतं.