आठ हजार नऊशे पन्नास रुपयांची काळी चिकटपट्टी

मी तीस वर्षे लेखा विभागात इतरांची बिले तपासली, एका रुपयाचा फरक निघाला तरी फाइल परत पाठवली, आणि निवृत्तीनंतर वर्षही उलटले नसताना माझ्याच स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या एका तरुणाला ८,९५० रुपये स्वखुशीने दिले. ‘स्वखुशीने’ हा शब्द माझा नव्हे, तो पोलीस ठाण्यातला आहे; तो पुढे येईलच.

बिघाड साधा होता. मायक्रोवेव्ह ओव्हनचा दरवाजा बंद केला तरी आतला दिवा विझत नसे, आणि सुरू करण्याचे बटण दाबले की बीप वाजून सगळे पुन्हा शांत होई. दरवाज्याचा वरचा कोपरा तळहाताने जोरात दाबून धरला, तर मात्र दिवा विझे, मग बटण दाबले की काचेची ताटली फिरू लागे आणि कपातले पाणी दीड मिनिटात कढत होई. हे सारे मला त्या माणसाला बोलावण्याआधीच ठाऊक होते, आणि हीच गोष्ट मला अजून झोपू देत नाही.

कंपनीचे नाव आणि ‘सर्व्हिस सेंटर’ असे शब्द टाकून मी इंटरनेटवर शोध घेतला आणि सर्वांत वर आलेल्या क्रमांकावर फोन केला. त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असे लिहिले होते, याकडे मी लक्ष दिले नाही. पलीकडून कंपनीचे नाव घेऊनच नमस्कार आला, तक्रार क्रमांक मिळाला, भेटीचे शुल्क ४५० रुपये असल्याचे सांगण्यात आले. असा आवाज ऐकल्यावर शंका कोण घेतो? कंपनीचा खरा क्रमांक ओव्हनसोबत आलेल्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर छापलेला होता आणि ती पुस्तिका फोनपासून दोन हातांवरच्या खणात होती.

दुसऱ्या दिवशी आलेला तरुण नम्र होता, मला ‘काका’ म्हणत होता आणि त्याच्या गळ्यात ओळखपत्र होते, जे मी वाचले नाही. त्याने प्लग लावला, बटणे दाबली, आणि ‘बोर्ड गेला आहे, मॅग्नेट्रॉनही कमजोर आहे’ असे निदान मीटर बाहेर न काढताच सांगितले. बोर्ड म्हणजे यंत्राला हुकूम देणारी सर्किटची पट्टी आणि मॅग्नेट्रॉन म्हणजे अन्न तापवणाऱ्या लहरी तयार करणारा भाग. मी त्याला म्हणालो, ‘अहो, पण दरवाजा असा दाबला की चालतो,’ आणि कोपरा दाबून दाखवला. ताटली फिरू लागली. त्याने माझे मनगट धरून हात हळूच बाजूला केला आणि म्हणाला, ‘काका, असे करू नका, किरणे बाहेर येतात, डोळ्यांना धोका आहे.’

इथेच मला कळायला हवे होते. बोर्ड बिघडलेला असता तर माझ्या तळहाताच्या दाबाने तो दुरुस्त झाला नसता. मॅग्नेट्रॉन गेला असता तर ताटली फिरली असती, वेळही मोजला गेला असता, फक्त पाणी थंड राहिले असते. इथे बरोबर उलटे होते: यंत्र तंदुरुस्त होते, दरवाजा लागला आहे एवढेच त्याला कळत नव्हते, आणि तो न विझणारा दिवा तीच गोष्ट ओरडून सांगत होता. पण ‘किरणे’ हा शब्द ऐकल्यावर माझा तर्क बंद पडला. मी विद्युत अभियंता नाही, घरात नातवंडे येतात, आणि गळ्यात ओळखपत्र घातलेला माणूस डोळ्यांच्या धोक्याविषयी बोलतो तेव्हा मला तरी त्याच्याशी वाद घालता आला नाही. सौभाग्यवतींनी विचारलेही, ‘अहो, जुन्या बिलावर वॉरंटी पाहिलीत का?’ मी त्यांना जरा वेळ थांबायला सांगितले. ओव्हन चार वर्षांचा होता आणि मॅग्नेट्रॉनवर पाच वर्षांची वॉरंटी होती. म्हणजे तो खरोखर गेला असता, तरी त्या भागाचा एक पैसाही पडला नसता.

हिशेब असा झाला. भेट ४५०, बोर्ड ४,२००, मॅग्नेट्रॉन ३,१५०, मजुरी ८००, ‘गळती तपासणी’ ६००, एकूण ९,२००; त्यातून ज्येष्ठ नागरिक म्हणून २५० रुपयांची सवलत. ४५० रोख, ४,००० आगाऊ यूपीआयने आणि ओव्हन दोन दिवसांनी परत आल्यावर उरलेले ४,५०० पुन्हा यूपीआयने. पैसे पाठवताना पडद्यावर कंपनीचे नव्हे, एका व्यक्तीचे नाव आले. मी थांबलो, तो म्हणाला, ‘काका, हे आमच्या मॅनेजरचे खाते आहे.’ मी पिन टाकला. बिल म्हणून जो कागद मिळाला त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता, पत्ता नव्हता, सहीच्या जागी एक रेघ होती. माझ्या कार्यालयात असा कागद कोणी आणला असता, तर मी तो त्याच्या तोंडावर परत केला असता.

जुने सुटे भाग मागून घ्या. मी मागितले तेव्हा ‘ते एक्स्चेंजमध्ये गेले’ असे उत्तर मिळाले आणि मी ते ऐकून घेतले.

एकोणीस दिवस ओव्हन उत्तम चालला. विसाव्या दिवशी दरवाजा बंद केल्यावरही दिवा जळत राहिला. या वेळी पुस्तिकेवरच्या क्रमांकावर फोन केला. आलेल्या तंत्रज्ञाने आधी प्लग काढला, आवरण उघडले, दांडा इन्सुलेटेड असलेल्या पान्याने कपॅसिटर डिस्चार्ज केला आणि मगच आत हात घातला. प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका विद्युतभार उरू शकतो, म्हणून पैसे वाचवायला आवरण स्वतः उघडण्याचा विचार कोणीही करू नये. मग तो मला म्हणाला, ‘दरवाजा सावकाश लावा आणि ऐका.’ मी ऐकले. टिक, टिक. तो म्हणाला, ‘तीन यायला हव्यात.’

दरवाज्याच्या कडेला असलेले दोन आकडे, म्हणजे हूक, खाचेतून आत जाऊन मायक्रोस्विच, म्हणजे छोटी बटणे, दाबतात, आणि ते सर्व नीट दाबले गेल्याशिवाय मॅग्नेट्रॉनला वीज मिळतच नाही. उघड्या दरवाज्याने ओव्हन चालू नये म्हणून ही व्यवस्था एकाऐवजी अनेक स्विचांवर सोपवलेली असते. माझ्या ओव्हनचा वरचा आकडा झिजला होता. आधीच्या महाभागाने त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळून त्याची जाडी वाढवली होती, आणि उष्णतेने ती ओघळून तिचा गोळा खाचेत अडकला होता. बोर्ड जुनाच होता. मॅग्नेट्रॉनच्या पत्र्यांमध्ये चार वर्षांची तेलकट धूळ जशीच्या तशी होती. तंत्रज्ञाने त्यावरून बोट फिरवून ते मला दाखवले. किरणांची भीती घालणाऱ्या माणसाने किरणे अडवणाऱ्या कुलपाशीच खेळ केला होता. नवा आकडा १२०, स्विच ७०, मजुरी ३००: एकूण ४९० रुपये, जीएसटी क्रमांकासह छापील बिल.

यानंतर सुरू झाली ती दुसरी फसवणूक, आणि ती करणाऱ्यांना पगार आपल्याच करातून मिळतो. १९३० या सायबर मदत क्रमांकावर विचारणा झाली, ‘पैसे तुमच्या नकळत गेले का?’ नकळत नाही, म्हणून ते प्रकरण त्यांचे नाही. बँकेचे म्हणणे, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी संबंधित अधिकारी बंदोबस्तावर, दुसऱ्या दिवशी अर्जाच्या तीन प्रती हव्यात, आणि तिसऱ्या दिवशी प्रती हातात घेऊन सांगण्यात आले, ‘तुम्ही स्वखुशीने पैसे दिलेत, ओव्हन सुरूही झाला होता, हा दिवाणी वाद आहे.’ न बसवलेल्या भागांचे पैसे घेणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधील फसवणूक नसेल तर मग काय असते, असे मी विचारले. ‘काका, तुम्ही शिकलेले, तुम्हीच कसे फसलात?’ हे उत्तर मिळाले. १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावरच्या बाईंनी शांतपणे ऐकले, पण समोरच्या पक्षाचे नाव आणि पत्ता मागितला. तो माझ्याकडे असता तर मी त्यांना फोन कशाला केला असता? खऱ्या कंपनीने लेखी कळवले की तो त्यांचा माणूस नाही आणि अनधिकृत व्यक्तीने यंत्र उघडल्याने उरलेली वॉरंटी संपुष्टात आली आहे. त्यांचे नाव वापरून लोकांना लुटले जाते याबद्दल त्या पत्रात एक ओळही नव्हती.

बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही, हे मला घटना घडून गेल्यावर समजले. ग्राहक व्यवहार विभागाचे ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळ डिसेंबर २०२२ पासून आहे. सहभागी कंपन्यांच्या सेवेची माहिती तिथे मिळते. क्रमांक पुस्तिकेतून घ्या किंवा तिथून घ्या. शोधात वर आलेला घेऊ नका. नोटीस पाठवायची असेल तर मात्र पत्ता लागतोच. बिलाऐवजी मिळालेल्या कागदावर पत्ता नव्हता, म्हणून मी जाहिरातीतल्या अर्धवट पत्त्यावर पाठवली, आणि ती ‘पत्ता अपूर्ण’ या शेऱ्यासह परत आली.

तो फोन क्रमांक अजून चालू आहे. गेल्या आठवड्यात मी सौभाग्यवतींच्या फोनवरून त्यावर फोन केला. कंपनीचे नाव घेऊन नमस्कार आला, तक्रार क्रमांक मिळाला. भेटीचे शुल्क आता ५५० रुपये आहे.