मोटोक्रॉस इंजिनची सेकंडहँड क्वाड घेताय? आधी इंजिन गार असताना किक मारून बघा

ज्यांना कुणाला सेकंडहँड स्पोर्ट क्वाड (चार जाड टायरची, हँडलवाली एटीव्ही) घ्यायचीय आणि विकणारा म्हणतोय की ह्यात मोटोक्रॉस बाईकचं, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर रेस लावायच्या बाईकचं इंजिन बसवलंय, त्यांनी हे पूर्ण वाचा. लांबलंय, पण साडेचार लाखाचं प्रकरण आहे म्हणून सगळंच लिहितोय. विकणाऱ्याचं नाव टाकत नाही, तक्रार चालू आहे आणि वकिलानं तसं सांगितलंय.

खुलताबादच्या पुढं म्हैसमाळच्या अंगाला आमचं थोडं माळरान आहे, पिकत तिथं काहीच नाही, नुसता मुरूम आणि दगड. मावसभावानं त्यात ट्रॅक काढला, शनिवार-रविवारी वेरूळ बघायला आलेली पोरं दोन चकरा मारून जातात. भाड्यानं द्यायला साध्या गिअर नसलेल्या एटीव्ही होत्याच, पण त्याला स्वतःसाठी आणि व्हिडिओसाठी एक खरी स्पोर्ट क्वाड पाहिजे होती. पुण्याकडची एक पार्टी सापडली. जाहिरात अशी की होंडा ४०० ईएक्सची चेसी, त्यात सीआरएफ ४५० आरचं इंजिन, फुल रिबिल्ट, झिरो अवर, म्हणजे पूर्ण खोलून नवे पार्ट टाकलेलं आणि त्यानंतर एक तासपण न चाललेलं.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ४०० ईएक्स ही होंडाची १९९९ ला आलेली क्वाड, ३९७ सीसी, एअरकूल्ड, सेल्फ स्टार्ट, ऑइल वेळेवर बदललं तर वर्षानुवर्षं कुरकुर न करणारं इंजिन. सीआरएफ ४५० आर ही २००२ ला आलेली मोटोक्रॉस बाईक, ४४९ सीसी, वॉटरकूल्ड, अकरा हजार आरपीएमच्या आसपास किंचाळणारी. अमेरिकेत असले प्रकार लई जुने आहेत, टीआरएक्स २५० आर नावाची टूस्ट्रोक क्वाड १९८६ ते ८९ येत होती, तिच्या चेसीत सीआर ५०० बाईकचं इंजिन टाकून वाळवंटात पळवणारे लोक होते आणि आहेत. म्हणजे कल्पनेत खोट नाही. पण ते लोक प्रत्येक तासाचा हिशोब वहीत लिहितात, आणि इंजिन खोलायचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवतात.

आम्ही पोचलो तर इंजिन गरम. म्हणे तुमच्यासाठी धुवून पुसून वॉर्मअप करून ठेवलंय. एका किकमध्ये चालू झालं. मावसभाऊ चक्कर मारून आला तर त्याचे हात थरथरत होते आणि तोंडावरचं हसू जाईना. पिकअप खरंच भयानक होता, तिसऱ्या गिअरला पण पुढची चाकं उचलत होती, त्यात काही खोटं नव्हतं आणि हीच सगळी मेख आहे. ताकद ही एकच गोष्ट दहा मिनिटांत दाखवता येते, टिकाऊपणा दहा मिनिटांत दाखवताच येत नाही, म्हणून असला माणूस दिवसभर ताकदीवरच बोलतो.

मी विचारलं की बाईकचं इंजिन क्वाडला झेपतं का, तर तो म्हणला अहो सर, कंपनीनंच केलंय की, २००४ ची टीआरएक्स ४५० आर म्हणजे सीआरएफचंच इंजिन, यामाहाची वायएफझेड ४५० म्हणजे वायझेड ४५० एफचंच. हे अर्धं खरं आहे, म्हणूनच गळाला लागतं. उरलेलं अर्धं त्यानं सांगितलं नाही. होंडानं क्वाडमध्ये टाकताना बोअर (सिलेंडरची रुंदी) ९६ चा ९४ मिमी केला, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ६२.१ चा ६४.८ केला, कम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, उतरवलं. यामाहानं पण कम्प्रेशन कमी केलं, टायटॅनियमचे व्हॉल्व्ह काढून स्टीलचे टाकले, वर सेल्फ दिला. कंपनीनं जे जे बदललं ते सगळं क्वाडच्या वजनासाठी आणि टिकावं म्हणून. आमच्या पार्टीनं फक्त फाउंडेशनच्या, म्हणजे चेसीत इंजिन धरून ठेवायच्या पट्ट्या वेल्डिंग केल्या होत्या.

वजनाचंच बघा. सीआरएफ शंभर किलोच्या आसपासची बाईक, ४०० ईएक्स पावणेदोनशेच्या घरातली, मागं दोन रुंद टायर आणि सलग एक्सल. बाईकचं मागचं चाक घसरून जातं, क्वाड जमिनीला धरून बसते, तो सगळा ताण क्लच आणि गिअरबॉक्सवर. त्यात बाईकचा पहिला गिअर उंच, दगडाच्या चढावर हळू चालवायचं म्हणलं की क्लच अर्धा दाबूनच ठेवावा लागतो. आमच्या क्लचप्लेटा किती टिकल्या हे विचारू नका. रिव्हर्स तर नाहीच, खड्ड्यात तोंड घातलं की उतरून मागून ओढा.

इसार दिला, बाकीचे पैसे त्याच्या सांगण्यावरून त्याच्या मेव्हण्याच्या खात्यावर टाकले, पिकअपमध्ये टाकून क्वाड घरी आणली. दुसऱ्या दिवशी येरवाळी मावसभाऊ किक मारायला बसला तर चालूच होईना. चोक ओढून, चोक सोडून, प्लग पुसून, सगळं झालं. शेवटी उतारावरून ढकलून दुसऱ्या गिअरला टाकली तेव्हा फायरिंग आली. फोन लावला तर पार्टी हसायला लागली, सर रेस इंजिन आहे ते, रेस इंजिन असंच असतंय, गरम झालं की बटर.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढं प्रत्येक बिघाडाला हेच उत्तर आलं. चढावर पाणी उकळून बाहेर आलं तर म्हणे रेस इंजिन आहे, उभं ठेवायचंच नसतं, पळवत ठेवा. व्हायब्रेशननं नट गळायला लागले तर रेस इंजिन आहे. चेन एका बाजूनं स्पॉकेट खायला लागली तर म्हणे एवढ्या ताकदीला चेन खाणारच ना. ताकदीच्या नावाखाली माणूस काय पण खपवतो, आणि आपण तक्रार केली तर आपणच अडाणी, आपल्याला रेसिंग मशीन झेपत नाही.

आता लाईट आणि फॅनचा किस्सा, मला सगळ्यात जास्त राग ह्याचा आहे. मोटोक्रॉस बाईकला लाईट नसतो, त्या काळच्या सीआरएफला तर बॅटरीपण नाही, मॅग्नेटचा करंट इग्निशनपुरता. आमच्या क्वाडला मात्र पुढं झकपक एलईडी होती आणि रेडिएटरच्या मागं इलेक्ट्रिक फॅन, दाखवताना दोन्ही बयाजवार चालत होतं. घरी आल्यावर काही दिवसांत दोन्ही बंद. सीट काढून बघितलं तर आत छोटी बॅटरी, आणि तिला चार्जिंगची वायरच नाही! घरून चार्ज करून आणायची, गिऱ्हाइकाला फॅन फिरताना दाखवायचा, संपला विषय. उन्हाळ्यात आपल्याकडं चाळीसच्या वर पारा, मुरमाची धूळ, आणि पावसाळ्यात खालच्या रानातली काळी माती रेडिएटरच्या जाळीत अशी बसते की पाण्याच्या प्रेशरनंपण लवकर निघत नाही, अशा ठिकाणी फॅन नसलेलं वॉटरकूल्ड रेस इंजिन हळू चालवणं म्हणजे ते उकळणारच.

शेवटी संभाजीनगरला आमच्या ओळखीच्या चाचांच्या गॅरेजला नेली. चाचांचं अख्खं आयुष्य टूस्ट्रोकमध्ये गेलं, पण अलीकडं रेसवाली पोरंपण त्यांच्याकडंच येतात. त्यांनी आधी ऑइल बघितलं. सीआरएफला इंजिनचं ऑइल वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं, दोन झाकणं, आणि इंजिनच्या बाजूला पाऊण लिटरसुद्धा मावत नाही. एवढ्याशा ऑइलवर ते इंजिन अकरा हजार फिरतं, म्हणून मॅन्युअलात ऑइल, पिस्टन सगळ्याचा हिशोब किलोमीटरमध्ये नाही, तासांत असतो, पिस्टनचा साधारण १५ तास. तो रेस चालवणाऱ्यासाठीचा आकडा आहे, साधा चालवणारा जास्त काढतो, पण तासच मोजायचे. आमच्या इंजिनचं ऑइल डांबरासारखं काळं निघालं आणि त्यात चमकी. चाचा म्हणाले, "बेटा, ये झिरो अवर नै है, इसके अवर खतम होके जमाना हुआ."

मग व्हॉल्व्हचं झाकण काढून फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, लावला. व्हॉल्व्ह मिटलेला असताना त्याच्या वर थोडी फट लागते, हवा आत घेणाऱ्या इनटेकला ०.१६ मिमी गॅप पाहिजे, धूर बाहेर टाकणाऱ्या एक्झॉस्टला ०.२८. इनटेकला त्यांच्याकडची सगळ्यात पातळ पट्टीपण जाईना. ह्याचं कारण असं की ह्या इंजिनचे इनटेक व्हॉल्व्ह टायटॅनियमचे असतात, हलके, म्हणून एवढे आरपीएम मिळतात, पण त्यांच्या तोंडावर जो पातळ कडक थर असतो तो धुळीनं एकदा गेला की व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल खोल बसत जातो आणि वरचा गॅप संपत जातो. गॅप संपला की इंजिन गार असताना व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कम्प्रेशन निसटतं, किक मारून मारून पाय गेला तरी चालू होत नाही. गरम झाल्यावर हेड फुगतं, थोडा गॅप सुटतो, मग चालू होतं. म्हणून तर आम्ही जायच्या आधीच ते गरम करून ठेवलेलं.

आणि हे त्याला माहीत नव्हतं असं म्हणायला जागाच नाही, कारण खालच्या शिम, म्हणजे हा गॅप जुळवायच्या छोट्या चकत्या, काढल्या तर त्यांच्यावरचे जाडीचे नंबर गायब. पॉलिश पेपरवर हातानं घासून पातळ केलेल्या शिम होत्या, म्हणजे गॅप संपलाय हे बघून, नवे व्हॉल्व्ह न टाकता, विकेपर्यंत चालावं एवढंच काम केलेलं. बैल घेताना आपण दात बघतो, इथं दातच घासून ठेवले होते. खाली क्रँककेसला एका बाजूला तडा, त्यात एम-सील भरून वरून काळा रंग. इंजिन नंबरची पहिली अक्षरं पीई०५ई दिसत होती, ती सीआरएफचीच, पुढचे आकडे ग्राइंडरनं उडवलेले. अवर मीटर तेवढं खरोखर झिरो होतं, नवीनच आणून चिकटवलं होतं ना.

सिलेंडरला आतून ओरखडे होते. एका लेथवाल्यानं सांगितलं बोअर करून देतो, पुढच्या साईजचा पिस्टन टाका. चाचांनी हात जोडले. ह्या सिलेंडरला आतून निकासिलचा थर असतो, लोखंडी स्लीव्ह नसते, स्प्लेंडरसारखं बोअर मारून पिस्टन टाकायचं काम नाही, एक तर परत प्लेटिंग करा नाहीतर नवा सिलेंडर मागवा. ज्यांचं असं इंजिन गेलंय त्यांनी घाईत लेथवर देऊ नका. सिलेंडर, पिस्टन, हेडचं काम, व्हॉल्व्ह, क्लच, सगळं बाहेरून मागवायचं, कस्टम वेगळं, वाट बघणं वेगळं. हिशोब काढला तर तेवढ्यात चालू हालतीतलं ४०० चं जुनं इंजिन येत होतं.

पोलिसांकडं गेलो, पहिलं उत्तर ठरलेलं, हा दिवाणी मामला आहे. लेखी अर्ज देऊन पोच घेतली, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, ४२० आता राहिलं नाही. खरा उपयोग ग्राहक तक्रारीचा होतोय असं दिसतंय. माणूस धंदा म्हणून गाड्या विकत असेल तर २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पुण्याला चकरा मारायची गरज नाही, पाच लाखापर्यंत फी नाही, दोन वर्षांच्या आत करायची. १९१५ ही हेल्पलाईन आहे, तिथंपण नोंद केली. त्याचं म्हणणं एकच, रेसिंगच्या मालाला वॉरंटी नसते, जसं आहे तसं घेतलं. पण जाहिरातीत झिरो अवर, फुल रिबिल्ट असं लिहिलेलं, त्याचे स्क्रीनशॉट मावसभावानं ठेवलेत, मेव्हण्याच्या खात्याची पावती आहे, चाचांनी घासलेल्या शिम पुडीत बांधून दिल्यात. कच्च्या पावतीवर मात्र त्यानं नुसतं "एटीव्ही, जुनी" एवढंच लिहिलंय, इंजिनचा शब्द नाही. पावतीवर इंजिन कोणतं, नंबर काय, रिबिल्ट असेल तर कोणते पार्ट बदलले आणि त्यांची बिलं, एवढं लिहून मागा, खरा माणूस देतो. असली क्वाड रोडसाठी पासिंग होत नाही, त्यामुळं आरटीओचं आरसी बुक नसतंच, म्हणजे विकणाऱ्याच्या कागदाशिवाय तुमच्या हातात काहीच राहत नाही, इम्पोर्टचे कागद दाखवले तर चेसी नंबर ताडून बघा, आमच्या झेरॉक्सवरचा आणि चेसीवरचा जुळला नाही.

कुणी म्हणेल मग असं इंजिन बसवूच नये का. बसवा की, रेसच लावायची असेल, टीम असेल, मिस्त्री हाताशी असेल, तासाला किती खर्च येतो हे माहीत असेल तर त्या ताकदीला तोड नाही, मावसभाऊ अजूनपण त्या पहिल्या चकरीचंच बोलतो. पण शनिवार-रविवारी माळावर फिरवायला, शेतात चक्कर मारायला, पोरांना बसवायला हे इंजिन नाही. आम्ही फाउंडेशन परत कापून वेल्डिंग करून त्यात ४०० चंच इंजिन टाकलं. आता सेल्फ मारला की चालू होते, चढावर पुढची चाकं काही उचलत नाही, मावसभाऊ तिला म्हैस म्हणतो.

त्या पार्टीकडं सध्या अजून एक क्वाड विकायला आहे, यामाहाची चेसी आणि परत बाईकचंच इंजिन, व्हिडिओत एका किकमध्ये चालू करून दाखवतोय आणि फॅनपण फिरतोय. बघायला जायचं असेल तर फोन न करता सकाळी लवकर जा, आधी इंजिनला हात लावून गार आहे का बघा, मग तुमच्यासमोर पहिली किक मारायला लावा, सोबत फिलर गेज असलेला मिस्त्री न्या, आणि बॅटरीपासून चार्जिंगची वायर कुठं जाते ते सीट उघडून दाखवा म्हणा. नाही म्हणला तर चहा पिऊन परत या.