माथेरान की पन्हाळा? खानावळ किंवा होमस्टे टाकायचा असेल तर

मावसभावाला नोकरी सोडून डोंगरावरच्या एखाद्या छोट्या गावात खानावळ नाहीतर तीन-चार खोल्या चालवायच्यात, आणि माथेरान की पन्हाळा यावर घोडं अडलंय. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

दोन्हीकडे नगरपरिषद आहे, पण 2011 च्या जनगणनेत माथेरान साधारण 4,400 आणि पन्हाळा 3,100 माणसांचं, म्हणजे गावातल्या गिऱ्हाइकावर धंदा चालणारच नाही, येणाऱ्यांवरच पोट.

माझ्या मते सगळा फरक गाडीचा आहे. माथेरानला गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच, पुढे बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर, ई-रिक्षाने नाहीतर अमन लॉज स्टेशनहून मिनी ट्रेनने. एवढा खटाटोप करून आलेला माणूस सहसा रात्र काढतोच, म्हणून खोल्यांचा धंदा तिथे चालतो. पण तुझा मालही तसाच येणार ना, सिलिंडर, तांदूळ, कांदे, सगळं घोड्यावर नाहीतर हातगाडीवर, आणि प्रत्येक पोत्यावर हमाली चढते, ती ताटाच्या भावात धरलीच पाहिजे. पाहुण्यांच्या जड बॅगा डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बायका बघितल्या की घासाघीस करायची इच्छाच होत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, ते व्हायलाच हवं होतं, माणसाने माणसाला ओढायचं किती दिवस? फक्त त्या ओढणाऱ्यांच्याच हातात ई-रिक्षा यायला पाहिजे.

पन्हाळ्याचं उलटं. कोल्हापूर जेमतेम वीस किलोमीटर, गाडी थेट गडावर, त्यामुळे माल स्वस्तात येतो पण माणूसही संध्याकाळी खाली उतरतो. तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंबरखाना बघायचं, झुणका-भाकर खायची आणि घरी. खाण्याचा धंदा मात्र खरा इथेच. एका गाड्यावरची मावशी एका हाताने भाकरी थापत होती, दुसऱ्या हाताने तव्यावरची उलटत होती, ताटात झुणका, खर्डा, दही, कच्चा कांदा, आणि रविवारी दुपारी तिला मान वर करायला वेळ नव्हता. शिवाय तालुक्याचं ठिकाण असल्याने तहसील, कोर्ट, निवासी शाळा आहेत, म्हणजे आडवारी पण चहा-नाश्त्याला थोडंफार गिऱ्हाईक मिळतं, हे माथेरानला नाही.

बांधकामाचं दोन्हीकडे अवघड. माथेरान 2003 पासून इको-सेन्सिटिव्ह झोन, नवीन बांधायचं विसर, चालू जागा भाड्याने घे. पन्हाळ्यावर संरक्षित वास्तूंपासून 100 मीटरच्या आत नवीन बांधकाम बंद, आणि जुलै 2025 मध्ये गड युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून नियम अजून कडक होतील ही धास्ती तिथल्या लोकांच्या मनात आहे. अभिमान आहेच सगळ्यांना, पण घर दुरुस्त करता येईल का हा प्रश्न पण खरा आहे.

पावसाळ्यात नेरळहून येणारी ट्रेन बंद असते, फक्त अमन लॉजची शटल. पन्हाळ्याचा रस्ता 2021 च्या पावसात खचला तेव्हा गाड्याच बंद झाल्या होत्या, म्हणून चार महिन्यांचं भाडं आधीच बाजूला काढून ठेव.

हाताशी पैसा कमी आणि घरचे हात राबणारे असतील तर पन्हाळ्याला खाण्याचा गाडा, खोल्याच करायच्या तर माथेरान. भावाला म्हटलं शनिवार-रविवार जाऊ नकोस, जुलैतल्या एखाद्या मंगळवारी दोन्हीकडे जाऊन दिवसभर बस आणि किती ताटं जातात ती मोज.