चांद्रतळ: पृथ्वीशी थेट बोलायचं की रिले उपग्रहातून?

तळ कुठे आहे, यावर अर्धा निर्णय ठरतो. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला पृथ्वी कधीच दिसत नाही, तिथे रिलेला, म्हणजे मध्ये राहून संदेश पुढे पोचवणाऱ्या उपग्रहाला, पर्यायच नाही. खरा पेच दक्षिण ध्रुवावरचा.

दिसण्याचा वेळ: ध्रुवावर पृथ्वी महिन्यातले साधारण दोन आठवडे क्षितिजाच्या वर असते, तीही जेमतेम सहा-सात अंश. मध्ये एखादा डोंगर आला की संपलं. शिवाय इतक्या खालच्या कोनात जमिनीवरून परावर्तित झालेल्या लहरी मूळ लहरींत मिसळतात आणि सिग्नल वरखाली होतो. अँटेना उंचावर बसवणं हाच त्यावर उपाय. लांबट कक्षेतला रिले मात्र दिवसाचे बरेच तास डोक्यावर राहतो. 2024 मध्ये सोडलेला चीनचा छ्वेछ्याओ-2 याच पद्धतीचा, 4.2 मीटरच्या अँटेनाचा.

तळावरचं सामान: चंद्रावरून पृथ्वी सुमारे दोन अंश रुंद दिसते. एक्स बँडवर (रेडिओ लहरींचा एक पट्टा) एक मीटरच्या डिशचा झोत जवळपास तेवढाच, म्हणून नेम धरणं सोपं. रिले आकाशात सरकतो. त्याच्यामागे डिश फिरवणारी मोटर आणि सांधे लागतात. चंद्रावरची धूळ नेमकी तिथेच शिरते.

विलंब: थेट मार्गाला एका बाजूने 1.3 सेकंद. रिलेने थोडी भर पडते, बोलताना फारशी जाणवत नाही.

बिघाड: एकुलता रिले बंद पडला तर दुरुस्तीला कोण जाणार?

अलीकडच्या बाजूला, ध्रुवांपासून दूर तळ असेल तर थेट जोडणी पुरेशी. ध्रुवावर मुख्य काम रिलेवर ठेवा, आणि आणीबाणीसाठी एस बँडची (एक्सपेक्षा कमी वारंवारतेचा पट्टा) छोटी थेट अँटेना टेकडीवर.