स्पोर: प्राणी घडवायला झकास, जगवायला कच्चा

'स्पोर' हा एका पेशीपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने अवकाशापर्यंत जाणारा संगणकावरचा गेम. 2008 च्या जूनमध्ये मॅक्सिस या कंपनीने त्यातलं क्रीचर क्रिएटर, म्हणजे प्राणी घडवायचं साधन, आधी सुटं बाजारात आणलं आणि सप्टेंबरमध्ये पूर्ण गेम आला. एवढ्या जुन्या गेमचं परीक्षण आता कशाला? कारण स्पेक्युलेटिव्ह बायॉलॉजीचा नाद लागलेला माणूस फिरून फिरून याच गेमपाशी येतो. दुसऱ्या ग्रहावर किंवा पाच कोटी वर्षांनंतरच्या पृथ्वीवर कोणते प्राणी असू शकतील, हे निसर्गनियमांना धरून रचायचं, असा हा नाद. स्पोर त्यात किती कामाचा, एवढंच इथे पाहू. अवकाशात साम्राज्य कसं वाढवायचं याची चर्चा इतरत्र भरपूर झालेली आहे.

आधी त्याचं हक्काचं कौतुक. क्रीचर क्रिएटर उघडलं की कणा असलेला एक मऊ गोळा समोर येतो. दोन्ही टोकांचे बाण ओढले की कणा लांबतो, मणक्यावर माऊस नेऊन चाक फिरवलं की धड तिथे जाड किंवा बारीक होतं. पाय, डोळे, तोंड यांचा आकारही चाकानेच बदलतो. ऑल्ट दाबून अवयव ओढला की त्याची नक्कल निघते, टॅब दाबला की तो फिरवायच्या कड्या दिसतात, ए धरून ठेवलं की डाव्या-उजव्याची जोडी सुटते आणि अवयव एकाच बाजूला बसतो. रंगाचे तीन थर आहेत: पाया, त्यावरचा कोट आणि वरचं नक्षीकाम. खरी करामत यानंतरची. पाय तीन लावा नाहीतर अकरा, गुडघा उलटा ठेवा, प्राणी त्याच क्षणी चालायला, नाचायला लागतो. हालचाली अ‍ॅनिमेटरांनी काढल्यात, पण तुमच्या प्राण्याचा कोणता अवयव कसा हलेल हे त्यात आधीपासून ठरलेलं नाही. शरीर पाहून ते जागच्या जागी ठरतं. या तंत्रावर 2008 च्या सिग्राफ या संगणक-चित्रांवरच्या परिषदेत शोधनिबंध सादर झाला होता. इतक्या झटपट चालता-फिरता नमुना दाखवणारं आणि हाताला इतकं सोपं साधन आजही क्वचितच सापडतं.

कडेला गुंतागुंतीची पट्टी असते. ती भरली की नवा अवयव बसत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि सी एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत रोमन लिपीत 'फ्रीडम' टाइप केलं की ही मर्यादा उठते. कवचाचे थर किंवा स्पर्शिकांची झालर करायची असेल तर हे लागतंच.

आता दुखणं. या गेममध्ये अवयवाचा आकार आणि त्याचं काम यांचा एकमेकांशी संबंधच नाही. पाऊल, तोंड, पंख यांना ठरलेले गुण असतात आणि तो आकडा त्या भागाला चिकटलेला असतो. चाक फिरवून पंख ताटाएवढा केला काय आणि नखाएवढा ठेवला काय, तरंगणं तेवढंच. एकाच गुणाचे चार भाग लावले तर फक्त सगळ्यात जास्त आकड्याचा धरला जातो, बाकीचे शोभेला. त्यामुळे गेम जिंकायला निघालेला खेळाडू सगळ्यात भारी तोंड पोटाखाली दडवून ठेवतो आणि पुढे आवडीचं तोंड लावतो. गेम ते खपवून घेतो. गंमत म्हणजे पहिल्या, पेशीच्या टप्प्यात असं नाही. तिथे काटा ज्या बाजूला लावाल त्याच बाजूने टोचतो, मागून येणाऱ्याने लचका तोडला तर पुढचा काटा उपयोगाचा नाही. सर्वांत सोप्या टप्प्यात असलेली ही शिस्त पुढच्या टप्प्यात सोडून दिली, ही या गेमची सर्वांत मोठी चूक.

म्हणून हिशेब कागदावर करायचा आणि मगच माऊस हातात घ्यायचा. समजा, खांद्यापाशी अर्धा मीटर उंच, 20 किलोचा प्राणी केलाय आणि तो दुप्पट उंच हवाय. लांबी दुप्पट झाली की वजन आठपट, म्हणजे 160 किलो. पायाच्या हाडाचा छेद मात्र चौपटच वाढतो, म्हणजे हाडावरचा ताण दुप्पट. ताण पहिल्याइतका ठेवायचा तर पायाची जाडी दुपटीऐवजी सुमारे 2.8 पट हवी. ग्रहाचं गुरुत्व पृथ्वीच्या दीडपट असेल तर जवळजवळ साडेतीन पट. स्पोरमध्ये धड मोठं केल्यावर पायाच्या प्रत्येक सांध्यावर जाऊन चाकाने जाडी वाढवावी लागते, आपोआप काही होत नाही. बहुतेकांचे प्राणी खोटे वाटतात ते इथेच: हत्तीचं धड, हरणाचे पाय.

चालीचंही तेच. पाऊल लंबकासारखं झुलतं, त्यामुळे चालणं सोडून पळायला लागण्याचा वेग पायाच्या लांबीवर आणि गुरुत्वावर ठरतो. दोन्हींचा गुणाकार करा, निम्मा करा, वर्गमूळ काढा. एक मीटर पायाला पृथ्वीवर सेकंदाला सुमारे 2.2 मीटर, दीडपट गुरुत्वावर 2.7 मीटर. जड ग्रहावर प्राणी रेंगाळत चालतील ही समजूत यातून सुटते; पायांना भार झेपला तर त्यांची चाल पृथ्वीपेक्षा चपळच दिसेल.

पाय किती, हा प्रश्न सगळ्यांचा लाडका. स्पोरमध्ये चालताना पाय एकमेकांच्या आरपार जातात, त्यामुळे अडचण कळतच नाही. उदाहरणाला आपला शरभ घ्या. पुराणातल्या वर्णनात त्याला आठ पाय आहेत. सिंहाच्या मापाचं धड करा, चार जोड्या लावा, चालवून पाहा: छान दिसेल. आता पाय 60 सेंटिमीटरचा आणि झोका पुढे 30 आणि मागे 30 अंशांचा धरा. पाऊल जमिनीवर 60 सेंटिमीटर अंतर कापतं. शेजारचे पाय उलट लयीत पडत असतील आणि अडखळायला नको असतील, तर दोन जोड्यांत साधारण तेवढंच अंतर हवं, म्हणजे पहिल्या जोडीपासून चौथीपर्यंत 180 सेंटिमीटर. सिंहाच्या खांद्यापासून कमरेपर्यंत एवढी जागा कुठली? मग दोनच वाटा: धड लांबवायचं, किंवा कोळ्यासारखे पाय बाहेर फाकवून पहिली जोडी पुढे आणि शेवटची मागे रोखायची. किल्ल्यांच्या दरवाजांवरचे शरभ बहुधा चार पायांचे असतात. पाथरवटांनी हा हिशेब केला नसेल, पण त्यांचा शरभ चालू शकतो!

पाण्यातल्या प्राण्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण पेशीच्या टप्प्यानंतर गेममध्ये ते घडवून जगवता येतच नाहीत. पेशी मोठी झाली की थेट किनाऱ्यावर येते आणि नंतर खोल समुद्रात पोहायला गेलात तर एक राक्षसी जलचर येऊन गिळतो. ज्याच्या डोक्यात जेलीफिश आणि देवमासे आहेत त्याने क्रीचर क्रिएटर फक्त चित्रासाठी वापरावं.

आणि उत्क्रांती? जोडीदार शोधला की प्राणी घडवायचा पडदा उघडतो, जुने अवयव काढले की पैसे परत, त्यात नवे. एका पिढीत चोच जाऊन सोंड येऊ शकते. निवड निसर्ग करत नाही, दुकानात उभं राहून आपण करतो. डीएनए हा शब्द तिथे फक्त चलनाचं नाव आहे. शाळेतल्या मुलांना उत्क्रांती समजावण्यासाठी हा गेम कुणी सुचवला तर नम्रपणे नकार द्यावा.

ती भूक असेल तर 'थ्राइव्ह' पाहा. स्पोरपासूनच प्रेरणा घेऊन स्वयंसेवकांनी चालवलेला, मुक्त स्रोताचा हा प्रकल्प आहे. त्यातल्या पेशीला जगायला एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) लागतं, विभाजनाला अमोनिया आणि फॉस्फेट. एका पिढीत बदलांसाठी 100 गुण, त्यामुळे सगळं शरीर एका रात्रीत पालटता येत नाही. नवशिक्या इथे हमखास एकच चूक करतो: पोहायला लागणाऱ्या शेपटीसारख्या कशाभिका भराभर लावतो. मग हालचालीचा खर्च एटीपीच्या कमाईपेक्षा वाढतो आणि पेशी खायला पोचण्याआधीच मरते. रूप साधं आहे, पण चुकीची किंमत मोजायला लावतो.

स्पोर घ्यायचाच तर स्टीम किंवा जीओजी या ऑनलाइन दुकानांतून घ्या. जुन्या डिस्कच्या फंदात पडू नका: त्यात किती संगणकांवर चालू करता येईल याला मर्यादा होती (आधी तीन, मग ओरड झाल्यावर पाच), आणि आता ती कटकट विकत घेण्याचं कारण नाही. 'क्रीपी अँड क्यूट' हा जोडभाग मिळत असेल तर घ्या, विचित्र तोंडं-डोळे त्यात आहेत.

शेवटी साठवण. प्रत्येक प्राणी एका छोट्या पीएनजी चित्रात साठतो. डॉक्युमेंट्समधल्या 'माय स्पोर क्रिएशन्स' फोल्डरमध्ये तो सापडतो, आणि मित्राने ते चित्र चालू गेमच्या खिडकीवर ओढून टाकलं की अख्खा प्राणी उभा राहतो, कारण त्याची सगळी माहिती चित्राच्या ठिपक्यांत लपवलेली असते. म्हणूनच ते व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. तिथे चित्र दाबून लहान केलं जातं, दिसायला तसंच राहतं, पण आतली माहिती उडते आणि गेम ते ओळखत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा झिप करून.