सिलिकॉनचा पुतळा करून घेतला: चेहऱ्याला पैकीच्या पैकी, हातांना शून्य

सोलापुरात सिलिकॉनचा हुबेहूब पुतळा करून मिळतो का, तर मिळतो. आम्ही आजोबांचा म्हणजे आप्पांचा कमरेपर्यंतचा करून घेतला, त्याचा हा रिव्ह्यू. वर्कशॉपचं नाव टाकत नाही कारण शेवटच्या हप्त्यावरून त्यांचं आमचं अजून वाजतंय.

हे खूळ काकांचं. २०२० मध्ये कर्नाटकातल्या कोप्पळच्या एका उद्योजकानं वारलेल्या बायकोचा पुतळा नव्या घरात सोफ्यावर बसवला होता बघा, तो फोटो काकांनी तेव्हापासून मोबाईलमध्ये जपून ठेवलेला. घरात कुणीतरी म्हणलं मेणाचा करू, पण मधमाशीचं मेण ६२-६४ अंशाला वितळतं आणि मऊ पडायला तर त्याच्या बरंच आधी लागतं, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला आणि त्यात पत्र्याची खोली, आप्पांसाठी दिवसरात्र एसी कोण लावणार ओ. फायबरचा स्वस्तात होतो पण फायबरवर पडलेला उजेड वरच्यावर परत फिरतो, त्यामुळं चेहरा रंग दिल्यासारखाच दिसतो, चौकातल्या पुतळ्याला ते चालतं, घरात समोर बसून बघायचं तर नाही चालत. सिलिकॉनमध्ये उजेड थोडा आत शिरतो, पसरतो आणि मग बाहेर येतो, खऱ्या कातडीचं पण तसंच असतं. म्हणून रंग सुद्धा आधी सिलिकॉनमध्येच मिसळतात आणि मग वरून पातळ पातळ थर देतात, ते पण सिलिकॉनचेच, कारण सिलिकॉनवर दुसरं काही टिकत नाही.

रेट विचाराल तर अर्ध्या पुतळ्याला लाखाच्या वर गेले, आणि पूर्ण बसलेला हवा तर त्याच्या तिपटीच्या पुढं. मालकानं साईज कमी करून स्वस्तात बसवतो असं पण सुचवलं, वर मोबाईलवर रॉन म्यूक या शिल्पकाराचं ‘डेड डॅड’ दाखवलं. म्यूकनं १९९६-९७ मध्ये स्वतःच्या गेलेल्या वडिलांचं केलेलं काम आहे ते, खऱ्या माणसाच्या साधारण दोन तृतीयांश आकाराचं, आणि तरी फोटो बघून सुद्धा अंगावर काटा येतो. कला म्हणून एक नंबर, पण आमच्या आईनं एकदाच बघितलं आणि म्हणली आप्पांना लहान करायचं नाही. विषय संपला.

आधी तेलाच्या मातीत चेहरा घडवतात. ती माती बिनगंधकाची लागते, गंधक असलं तर भारीतलं प्लॅटिनम सिलिकॉन नीट सेटच होत नाही, चिकट राहतं. माती झाली की बघायला बोलावतात. बघतो तर काय, गाल भरलेले, कपाळ गुळगुळीत, नाक सरळ, आप्पा नसून आप्पांचे कुणीतरी श्रीमंत भाऊ. कारागीर म्हणतो, “सगळे गिऱ्हाईक असंच मागतात ओ, जरा तरुण करा म्हणतात.” आप्पा नरसिंग गिरजी मिलमध्ये लूम खात्यात होते, नाक थोडं उजवीकडं गेलेलं, चष्म्यानं नाकावर दोन्ही बाजूला खोल खळगे पडलेले, तंबाखूनं खालचा ओठ काळा. ते सगळं परत करायला लावलं. हे मातीतच होतं, एकदा मोल्ड घेतला की नाक वाकडं करा म्हणून सांगायची सोय नाही. आणि स्टुडिओतला फोटो देऊन काही उपयोग नाही, लग्नाबिग्नात कुणाच्या तरी मागं उभे असलेले, बाजूनं आलेले, तोंड वेंगाडलेले असले फोटो शोधून न्या.

चेहऱ्याचं काम मात्र मानलं. दाढीची दोन दिवसांची पांढरी खुंटं सुईनं एकेक रोवलेली, कानाच्या पाळीवरचे लांब केस सुद्धा, भुवईतला प्रत्येक केस वळणाप्रमाणे. डोळे आधी नुसते तपकिरी केले होते, मग सांगून बुबुळाच्या कडेची म्हातारपणाची पांढुरकी रिंग घालून घेतली आणि तिथं चेहरा एकदम आप्पांचा झाला. शेजारच्या काकू दारातूनच नमस्कार करून परत गेल्या.

आता हात. हात यांनी तयार मोल्डमधले चिकटवले, गुबगुबीत, बँकेच्या मॅनेजरचे वाटावेत असे, आणि हिशोब मात्र पूर्ण कामाचा. अमेरिकेचा ड्वेन हॅन्सन वॉचमन, सफाईवाले, टुरिस्ट असल्या साध्या माणसांचे पुतळे करायचा, तो जिवंत माणसांच्या अंगावरूनच साचे घ्यायचा. आमचे आप्पा नाहीत पण काकांचे हात डिट्टो आप्पांसारखे आहेत, दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात त्या आल्जिनेटमध्ये काकांचे हात बुडवले असते तरी काम झालं असतं. आम्ही सांगितलं पण होतं, कुणी मनावर घेतलं नाही. शिवाय मानेमागं जोड दिसतो, सदऱ्याच्या कॉलरनं झाकला म्हणून बरं.

ठेवायचं म्हणाल तर उन्हात नको, रंग उडतो, आणि धूळ भयंकर चिकटते, मऊ ब्रशनं झटकायची आणि कधीतरी सौम्य साबणाच्या पाण्यानं पुसायचं. सदरा, टोपी घरचीच घातली, ती तेवढी धुता येते.

नवीन हात करून देतो म्हणतायत पण त्याचे वेगळे पैसे मागतायत, काका म्हणतात एक रुपया सुटणार नाही. तोपर्यंत आप्पांच्या हातावर सोलापुरी टॉवेल टाकून ठेवलाय. मिटलं की इथंच अपडेट टाकतो.